ठिगळांची गोधडी : अपॅची सर्व्हरची कथा

आपल्याकडे घरोघरी गोधडी असते. ती एका दिवसात होत नाही आणि बहुधा एका हाताने होत नाही. कुठे फाटले की ठिगळ लागते आणि काही वर्षांनी मूळ कापड कोणते हे सांगणेही अवघड होते. इंटरनेटच्या इतिहासात अशीच एक गोधडी आहे. तिचे नाव अपॅची सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे काय, हे आधी पाहू. आपण संगणकावर एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहितो, तेव्हा ती मागणी दूरच्या दुसऱ्या संगणकाकडे जाते. तेथे एक आज्ञावली सतत जागी असते. मागितलेले पान शोधून पाठवणे हे तिचे काम. ग्रंथालयातील खिडकीवर बसलेल्या सेवकासारखीच ती होय. अशी पहिली आज्ञावली टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत लिहिली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले.

त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या महासंगणक केंद्रात रॉब मॅककूल यांनी आणखी एक सर्व्हर लिहिला. तो फुकट मिळे आणि त्याची मूळ संहिताही कोणालाही वाचता येई. साहजिकच तो लवकरच सर्वांत लोकप्रिय ठरला. पण १९९४ च्या मध्यास मॅककूल ते केंद्र सोडून गेले आणि सर्व्हरची वाढ थांबली. दोष सापडत होते, पण ते दुरुस्त करणारे कोणी नव्हते.

एखादे बंदिस्त यंत्र असते, तर कथा येथेच संपली असती. परंतु संहिता सर्वांच्या हाती होती. म्हणून ठिकठिकाणी सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींनी आपापली ठिगळे लावली. संगणकाच्या भाषेतही अशा दुरुस्तीला ‘पॅच’, म्हणजे ठिगळच म्हणतात. त्यात पूर्ण आज्ञावली नसते. कोणत्या ओळी काढायच्या आणि कोणत्या घालायच्या एवढेच लिहिलेले असते. ते वाचून मूळ संहितेत बदल करणारी आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ साली लिहिली होती. त्यामुळे दुरुस्ती एका लहानशा पत्रातून जगभर पाठवता येऊ लागली.

अडचण अशी, की तीच चूक दहा जण दहा ठिकाणी वेगवेगळ्या तऱ्हेने दुरुस्त करीत होते. यावर उपाय म्हणून फेब्रुवारी १९९५ च्या अखेरीस ब्रायन बेहलेनडॉर्फ, रॉय फील्डिंग, रॉबर्ट थाऊ आदी आठ जण ई-मेलद्वारे एकत्र आले. त्यांची कचेरी नव्हती, पगार नव्हता, अध्यक्षही नव्हता. सर्वांची ठिगळे जुन्या सर्व्हरवर चढवून त्यांनी एप्रिल १९९५ मध्ये पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. ‘अपॅची’ हे नाव अमेरिकेतील मूलनिवासी अपॅची लोकांबद्दलच्या आदरातून घेतले, असे सांगितले जाते. ‘ए पॅची’, म्हणजे ‘ठिगळांचा’, हा श्लेषही त्याला चिकटला. पुढे २०२३ साली अमेरिकेतील मूलनिवासी तंत्रज्ञांच्या एका संस्थेने या नावालाच हरकत घेतली. आदर दाखवायचा असला तरी ज्यांचे नाव घ्यायचे त्यांना आधी विचारायला हवे, हाही या इतिहासाचा एक धडा.

नुसत्या ठिगळांवर फार काळ भागणार नव्हते. थाऊ यांनी सर्व्हरची रचनाच नव्याने केली. गाभा लहान ठेवला आणि बाकीची कामे सुट्या घटकांकडे सोपवली. नवी सोय हवी असेल, तर गाभ्याला हात न लावता नवा घटक जोडायचा. स्मृतीचा वापरही त्यांनी सुटसुटीत केला. एका मागणीसाठी लागणारी सारी जागा एकत्र घ्यायची आणि काम संपताच एकदम मोकळी करायची. तास संपल्यावर आपण फळ्यावरील एकेक अक्षर शोधून पुसत नाही, सबंध फळा पुसतो, तसेच हे. १ डिसेंबर १९९५ रोजी १.० ही आवृत्ती निघाली आणि १९९६ च्या एप्रिलमध्ये अपॅची हा जगात सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर ठरला.

अध्यक्ष नसताना निर्णय कसे होत? गटाने मतदानाची साधी पद्धत बसवली. होकारासाठी +१, नकारासाठी −१. संहितेतील बदलाला किमान तीन होकार हवेत आणि एकही नकार नको. मात्र नकार देणाऱ्याने तांत्रिक कारण दिलेच पाहिजे. कारणाशिवाय दिलेला नकार बाद! प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांची यादी निघे आणि बदलापुढे तो करणाऱ्याचे नाव असे. कामाची नोंद आणि कामाचे श्रेय एकाच ओळीत.

१९९८ साली आयबीएमने आपल्या उत्पादनात अपॅची वापरायचे ठरवले. पण करार कोणाशी करायचा? कायद्याच्या दृष्टीने हा गट अस्तित्वातच नव्हता! अखेर १९९९ साली अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही ना-नफा संस्था स्थापन झाली. इतर अनेक प्रकल्पही तिच्या छत्राखाली आले.

अशाच एका प्रकल्पाने डिसेंबर २०२१ मध्ये जगाची झोप उडवली. संगणकातील घडामोडींची नोंद ठेवणाऱ्या ‘लॉग४जे’ या लहानशा आज्ञावलीत गंभीर दोष सापडला. बाहेरून धाडलेला विशिष्ट मजकूर नोंदला गेला, की परक्या माणसाला त्या संगणकावर आपली संहिता चालवता येई. मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारे तिच्यावर विसंबून होती. ती सांभाळणारे मात्र मूठभर, बहुतेक स्वयंसेवक. त्यांनी त्या एका महिन्यात चार सुधारित आवृत्त्या काढल्या. गोधडी सर्वांनी पांघरली होती, सुई मात्र फार थोड्यांच्या हाती होती.

सर्व्हरांमध्ये अपॅचीचे पहिले स्थान आज राहिलेले नाही. २००४ साली आलेला, रशियातील इगोर सिसोयेव यांचा एन्जिनएक्स त्याच्या पुढे गेला. तोही खुल्या संहितेचाच. तरी तीस वर्षांनंतरही अपॅचीला नवी ठिगळे लागत आहेत.

विज्ञानही असेच वाढते. निष्कर्ष उघड मांडायचा, इतरांनी तो तपासायचा, नकार द्यायचा तर कारणासह द्यायचा. हे वर्गातही करून पाहता येईल. गावाचा नकाशा किंवा परिसरातील झाडांची सूची मुलांनी मिळून करावी, प्रत्येक दुरुस्तीपुढे नाव आणि कारण लिहावे. वर्षअखेरीस नकाशा तर तयार होईलच. पण त्याहून मोलाचा प्रश्न मुलांपुढे उभा राहील : पुढच्या वर्षी हा नकाशा कोण सांभाळणार?