ट्रॅकवरील मोटारीचे सस्पेन्शन

चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर उतरणाऱ्या हौशी चालकांकडे मारुती स्विफ्ट, फोक्सवॅगन पोलो अशा 'फ्रंट व्हील ड्राइव्ह' मोटारी असतात. यांत इंजिन व गिअरबॉक्स पुढे असल्याने निम्म्याहून अधिक वजन पुढच्या चाकांवर येते. मोटार ओढणे, वळवणे आणि ब्रेकचा बहुतांश भार सोसणे ही कामेही त्यांचीच. त्यामुळे वेगात वळताना पुढचे टायर घसरून मोटार वळणाबाहेर जाऊ लागते. यालाच 'अंडरस्टिअर' म्हणतात.

खर्चिक भाग घेण्यापूर्वी टायरमधील हवेचा दाब पाहावा. काही फेऱ्यांनंतर टायर तापून दाब वाढतो. त्यामुळे तेव्हाचीच मोजणी महत्त्वाची. त्यानंतर पुढच्या चाकांचा कॅम्बर. चाकांची वरची कड २ ते ३ अंश आत कलती ठेवल्यास वळणात मोटार झुकली तरी बाहेरच्या बाजूचा टायर अधिक रुंदीने टेकतो. मात्र रोजच्या वापरात टायरची आतली कड लवकर झिजते.

तिसरा उपाय म्हणजे मागील स्प्रिंग किंवा अँटिरोल बार अधिक कडक करणे. मागची पकड काहीशी घटून मोटार वळणात सहज शिरते. पण धोकाही येथेच आहे. वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय अचानक काढल्यास वजन पुढे सरकते, मागची चाके निसटतात आणि मोटार गरकन फिरते. ओल्या ट्रॅकवर हा धोका वाढतो. म्हणूनच एका वेळी एकच बदल करावा, त्याची नोंद ठेवावी आणि काही फेऱ्या मारूनच पुढचा बदल हाती घ्यावा.