मातृसेप्सिस : अतिदक्षता विभागातील साध्यासाध्यविचार

मातृसेप्सिस : गर्भारपणी, प्रसूतीच्या वेळी, गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर झालेल्या जंतुसंसर्गामुळे इंद्रियांचे कार्य बिघडून प्राणास धोका उत्पन्न होणे, अशी या व्याधीची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये केली. इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात क्लोरिनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा दंडक घालून सूतिकाज्वराचे मृत्यू झपाट्याने घटविले. भारतातील नमुना नोंदणी पद्धतीच्या २००१–०३ च्या अहवालात मात्र मातामृत्यूंपैकी ११ टक्के सेप्सिसमुळे झाल्याची नोंद आहे.

गुणांकन : अतिदक्षता विभागात दाखल झालेली स्त्री वाचेल किंवा कसे, याचा अंदाज बांधण्यासाठी मुख्यतः अपाचे-२ (१९८५) व सोफा (१९९६) या पद्धती वापरतात. सोफामध्ये श्वसन, रक्तगोठण, यकृत, रुधिराभिसरण, मेंदू व मूत्रपिंड यांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. गुण जितके अधिक तितका धोका अधिक. अपाचे-२ प्रसूतिरुग्णांत प्रत्यक्षापेक्षा अधिक मृत्यू वर्तविते, असे अनेक अभ्यासकांस आढळले आहे.

या पद्धती सर्वसाधारण रुग्णांवरून बेतलेल्या असल्यामुळे, जिची नाडी स्वभावतःच जलद, रक्तदाब उतरलेला आणि प्रसूतिसमयी श्वेतपेशी वाढलेल्या असतात, त्या गर्भवतीच्या बाबतीत त्या चुकीचा कौल देऊ शकतात. गर्भवतीचे क्रिएटिनिन बहुधा दर डेसिलिटरमागे ०.४ ते ०.८ मिलिग्रॅम असते, ते १.१ झाले, म्हणजे मूत्रपिंडास इजा पोचू लागली असण्याची शक्यता असताही, सोफाच्या तक्त्यात त्यास शून्यच गुण मिळतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील प्रसूतिवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये क्रिएटिनिनची ही मर्यादा खाली आणली. तसेच वरचा रक्तदाब ९० हून कमी, श्वसन मिनिटास २५ वा अधिक आणि शुद्धीत फरक, यांपैकी दोन लक्षणे आढळताच सावध व्हावे, असे सुचविले. रक्तातील लॅक्टेट उपचारानंतरही न उतरणे हे अशुभ लक्षण होय. परंतु प्रसूतिवेदनांनीही ते वाढत असल्याने एकाच मोजणीवर भिस्त ठेवू नये.

महाराष्ट्रातील नोंदी : गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत ‘सर्च’ संस्थेने १९९५–९६ मध्ये ७७२ स्त्रियांचे घरोघरी जाऊन निरीक्षण केले, तेव्हा १०.२ टक्के बाळंतिणींस जननमार्गाचा संसर्ग आढळला. अतिदक्षता विभागाच्या दप्तरात जी नोंद पहिली म्हणून चढते, तिच्या कितीतरी आधी व्याधीचा आरंभ घरात झालेला असतो, हे या पाहणीचे मोल आहे.

काशी : घरात सुरू झालेल्या व्याधीस रुग्णालय गाठेपर्यंतही वेळ जातो. काशीतील शिंदे व भोसले यांच्या घाटांमधील संकठा घाटावरून संकठादेवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की रुग्णवाहिका दारापर्यंत येत नाही, पायऱ्यांनजीकच्या घरातील बाळंतिणीस प्रथम माणसांच्या आधाराने मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तेथून शहराच्या दक्षिण टोकास हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयापर्यंत न्यावे लागते. हा विलंब गुणांकनाच्या कोणत्याही रकान्यात मावत नाही, आणि तरीही परिणाम ठरविण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

उपचार : प्रतिजैविके, शिरेवाटे द्रव आणि संसर्गस्थानाचा निचरा.

मूल्यमापन : गुणांक हा इशारा होय, निवाडा नव्हे. बाळंतिणीस थंडी वाजून ताप आला, धाप लागली किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर घरच्यांनी सकाळची वाट न पाहता तिला तत्काळ रुग्णालयात न्यावे.