खत जाळणारे आणि कर्ज बुडवणारे

शेतकऱ्याच्या थकबाकीचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : ऋण काढून सण करायचा आणि फेडायची वेळ आली की हात वर करायचे, ही यांची जुनीच खोड. दाखला म्हणून शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध केलेले 1875 चे दख्खनचे दंगे पुढे केले जातात. मला हे मत साफ अमान्य आहे. तो दाखलाच त्याच्या विरुद्ध जातो.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी, ऐन बाजाराच्या दिवशी दंगा उसळला. सुप्यात लूट झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे पुणे-नगरच्या बहुतेक गावांत मागणी एकच होती : खते, म्हणजे कर्जाचे रोखे, बाहेर काढा. खते हाती आली की ती जाळली जात. सावकाराच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही. यावर प्रतिपक्ष म्हणेल, पुरावा नष्ट करणे हा बुडव्याचाच डाव नव्हे काय? मग त्या खतांत काय होते तेही पाहू.

1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावरच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. समजा, शंभर रुपये दरसाल शेकडा 24 ने काढले. तीन वर्षांनी 172 चे खत, सहा वर्षांनी 295 च्या वर, नऊ वर्षांनी 508. मध्ये एका पैचेही नवे कर्ज नाही! व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम होता. पण व्याजच मुद्दल होऊन बसल्यावर तो लागू कशाला करणार? खाली निरक्षर कुणब्याची निशाणी, नांगराची. दाव्याला तो बहुधा हजर नसे. हुकूमनामा एकतर्फी होई.

राहिला लग्नखर्च. दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारनेच नेमलेल्या आयोगाने नोंदवले की या कारणाला अवाजवी महत्त्व दिले जाते. कर्जाचे मूळ तिथे क्वचितच सापडते. खरे ओझे दुसरीकडून आले : कापसाची तेजी ओसरली होती, 1867 पासूनच्या फेरआकारणीने सारा वाढला होता, आणि तो रोखच भरावा लागे.

दंग्यांनंतर आलेल्या 1879 च्या कायद्याने न्यायाधीशाला खतामागे जाऊन पहिल्या व्यवहारापासून हिशेब उकलण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली. त्यावर सावकारांनी तोड काढली : गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले.