खुंटी, फळी, मांडणी : भिंतीवरच्या भाराचा इतिहास

'मांडणी' हा शब्द मराठी समीक्षेत आपण सतत वापरतो. लेखाची मांडणी, प्रमेयाची मांडणी, कादंबरीतील काळाची मांडणी. स्वयंपाकघरात भांडी ठेवण्यासाठी भिंतीला लावलेली लोखंडी चौकट, तीही मांडणीच. एखादे काम 'खुंटीला टांगले' जाते, एखादा लेखक 'कोनाड्यात पडतो', समाजाची रचना 'उतरंडी'सारखी आहे असे आपण म्हणतो. हे सगळे शब्दप्रयोग घरात वस्तू कुठे आणि कशाच्या आधाराने ठेवाव्यात या एकाच व्यवहारातून आलेले आहेत. त्या व्यवहाराचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. पालघर तालुक्यातील पाम आणि त्याभोवतीचा बोईसर-तारापूरचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून तो थोडक्यात मांडण्याचा हा प्रयत्न आहे. निमित्त अगदी किरकोळ आहे : भिंतीवरचे तारेचे शेल्फ ढिले होणे.

या प्रदेशातील जुने आदिवासी घर कुडाचे. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यांवर शेणमातीचा लेप द्यायचा. छपराचे वजन लाकडी मेढी पेलतात. कुड फक्त आडोसा करतो. अशा भिंतीत खिळा ठोकून काही टांगता येत नाही. म्हणून या घरात साठवणीची सारी व्यवस्था एक तर जमिनीवर, कणगीत आणि उतरंडीत, किंवा वर वाशांना बांधलेल्या शिंकाळ्यात. वारली स्त्रिया लग्नप्रसंगी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात तो याच भिंतीवर. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ही कला कागदावर आणि कापडावर जाऊन जगभर पोहोचली. पण मुळात ही भिंत चित्रासाठी मोकळी राहिली, यामागे ती भार घेऊ शकत नव्हती हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरात गोष्ट वेगळी. तिथे भिंतीच्या जाडीतच कोनाडा आणि फडताळ सोडले जाई. कोनाड्यातील दिव्याचे किंवा फडताळातील बरण्यांचे वजन थेट खाली भिंतीवर येते. भिंतीपासून बाहेर ओढणारा जोर तिथे निर्माणच होत नाही. खुंटीही बहुधा भिंत रचतानाच आत खोल बसवलेली असे. म्हणजे वस्तू कुठे ठेवायच्या हे घर बांधतानाच ठरत असे. नंतर सोय वाढवायची झाली तर जागा शोधावी लागे, भिंत फोडता येत नसे.

ही व्यवस्था या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने बदलली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९६९ साली तारापूरची अणुवीज सुरू झाली आणि तारापूरची औद्योगिक वसाहत वाढत गेली. कामासाठी येणाऱ्या माणसांसाठी चाळी आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. या खोल्यांच्या भिंती विटांच्या, आतल्या तर अनेकदा साडेचार इंचीच. साडेचार इंचांत कोनाडा निघत नाही. जमीनही अपुरी, कारण त्याच खोलीत झोपायचे, शिजवायचे आणि अभ्यास करायचा. १९२३पासून गोदरेजने बनवलेले पोलादी कपाट स्वतःच्या पायांवर उभे राहते, त्याला भिंतीचा आधार लागत नाही. पण त्याला जागा लागते आणि पैसा लागतो. तेव्हा उरतो एकच मार्ग : पातळ भिंतीतून बाहेर काढलेली फळी, आणि पुढे तारेची मांडणी.

विटेच्या भिंतीत स्क्रू नुसता धरत नाही. त्यासाठी पूर्वी छिद्र पाडून लाकडाची गुल्ली ठोकत आणि तिच्यात स्क्रू पिळत. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. काही वर्षांत गुल्ली हलू लागते. यावर लंडनमधील जॉन जोसेफ रॉलिंग्ज या बांधकाम कंत्राटदाराने १९११च्या सुमारास उपाय काढला. ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची नासधूस न करता विजेची उपकरणे बसवायची होती, म्हणून त्याने तंतूंची घट्ट नळी बनवली. स्क्रू आत गेला की ती फुगून छिद्राच्या कडांना दाबून बसे. आजही आपले कारागीर 'रावल प्लग' म्हणतात, त्यात रॉलिंग्जचेच नाव दडलेले आहे. १९५८ साली जर्मनीत आर्थर फिशर याने नायलॉनचा प्लग तयार केला. हार्डवेअरच्या दुकानात आज 'गिट्टी' म्हणून मिळणारा प्लॅस्टिकचा तुकडा याच कुळातला.

तारेच्या शेल्फचा घराघरांतील प्रसार १९६०च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा या दमट राज्यातून झाला. तारांच्या फटींतून हवा खेळते, कपड्यांना कुबट वास येत नाही. कोकणपट्टीच्या हवेला हा गुण मानवणारा आहे. परंतु त्याच हवेतील खार तारेवरच्या मुलाम्याला जिथे चीर पडते तिथून आत शिरतो आणि कापलेली टोके प्रथम गंजतात.

शेल्फ ढिले का होते, हे साध्या हिशेबाने कळते. ३० सेंटिमीटर खोल शेल्फवर २० किलो वजन सारखे पसरले, तर त्याचा मध्य भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर येतो. आधाराची भिंतीवरची उंची केवळ ५ सेंटिमीटर असेल, तर वरचे स्क्रू बाहेर ओढणारा एकूण जोर ६० किलोंइतका होतो. तेच खालून तिरपा टेकू देऊन ही उंची २५ सेंटिमीटर केली, तर जोर १२ किलोंवर येतो. वजन तेच, भिंत तीच. आधाराचा कोन बदलला. जड डबे पुढच्या कडेला ठेवले की हा जोर आणखी वाढतो. त्यात गिट्टी केवळ गिलाव्यात बसलेली असेल, विटेपर्यंत पोचलेलीच नसेल, तर ती निसटणे केवळ काळाचा प्रश्न.

दुरुस्तीची पद्धतही यातूनच निघते. प्रथम शेल्फ पूर्ण रिकामे करावे. नुसता स्क्रू पुन्हा पिळल्याने काही साधत नाही, कारण दोष स्क्रूत नसतो, मोठ्या झालेल्या छिद्रात असतो. शक्य तर आधार पाच-सात सेंटिमीटर सरकवून कोऱ्या जागी नवे छिद्र पाडावे आणि जुने बुजवावे. छिद्र विटेच्या अंगात हवे, दोन विटांमधल्या सांध्यात नको. गिट्टी गिलावा ओलांडून पूर्णपणे विटेत बसेल इतके ते खोल असावे आणि आतली भुकटी फुंकून काढावी. विजेच्या बटणाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नये. आत तार असू शकते. हलक्या ब्लॉकच्या नव्या भिंतींना त्यांच्यासाठीचे वेगळे प्लग लागतात. समुद्राजवळ स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तिरपे टेकू साधारण दोन-दोन फुटांवर द्यावेत आणि तारेच्या टोकांना टोपणे लावावीत. शेवटी, सामान ठेवण्याआधी, शेल्फ हाताने खाली व बाहेर ओढून पाहावे. 'खुंटा हलवून बळकट करणे' हा वाक्प्रचार आपण वादविवादात वापरतो. त्याचा मूळ अर्थ इथे अक्षरशः पाळायचा आहे.

पण हे सारे करण्याचा अधिकार कोणाला? भाडेकरूला भिंतीत छिद्र पाडायला भीती वाटते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यात मालकाच्या लेखी संमतीवाचून कायमचे बांधकाम करणे हे जागा परत घेण्याचे एक कारण मानले आहे. मात्र लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, जाळीकाम यांसारख्या गोष्टी कायमच्या बांधकामात मोडत नाहीत, असे स्पष्टीकरणही त्यातच आहे. कायद्यालाही ओट्याचा विचार करावा लागला, ही बाब बोलकी आहे. तरी व्यवहारात अल्पमुदतीच्या करारावर राहणारा कामगार 'उद्या सोडायचीच खोली' म्हणून हलत्या शेल्फखाली वर्षानुवर्षे राहतो. त्या शेल्फखाली दिवसभर वावरते ती बहुधा घरातली बाई, आणि खाली झोपते ते मूल.

या प्रश्नाला पालघर जिल्ह्यात आणखी एक बाजू आहे. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जड भिंतीच माणसांवर कोसळल्या होत्या. हलका कुड तशा रीतीने जीव घेत नाही. आपण कुडाकडून विटेकडे आलो ते टिकाऊपणासाठी, आणि ते योग्यच. पण त्याबरोबर डोक्याच्या उंचीवर वजन टांगण्याची सवयही आली. बिछान्याच्या वर जड वस्तू न ठेवणे आणि जे ठेवले आहे ते भिंतीला पक्के बांधणे, हे त्या सवयीसोबत आलेले कर्तव्य आहे.

आपल्या भाषेतील शिंकाळे, फडताळ, उतरंड हे शब्द वस्तू गेल्यावरही टिकून आहेत. विद्यार्थ्यांना ते तळटीपांतून समजावून द्यावे लागतात. गिट्टी, रावल प्लग, ब्रॅकेट हे शब्द मात्र रोजच्या बोलण्यात असूनही आपल्या लेखनात फारसे दिसत नाहीत. औद्योगिक वसाहतींतील एका खोलीच्या संसाराचे वाङ्मय वाचताना आणि शिकवताना या शब्दांनाही जागा द्यायला हवी, कारण त्या संसाराचा भार प्रत्यक्षात त्यांनीच पेललेला आहे.