गेम घडवणारा स्टुडिओ प्रकाशक होतो तेव्हा...

रावेत : पुस्तकाला जसा लेखक आणि प्रकाशक असतो, तसेच व्हिडिओ गेमचेही असते. गेम घडवणारा स्टुडिओ हा लेखक. भांडवल, चाचण्या, जाहिरात आणि विक्री यांची जबाबदारी घेतो तो प्रकाशक. काही स्टुडिओ कालांतराने स्वतःच प्रकाशक होतात. ब्रिटनमधील 'कर्व्ह' हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने २०२५ मध्ये सुमारे २४७ कोटी रुपयांना ही कंपनी विकत घेतल्याने तिच्या वाटचालीला आपल्याकडेही महत्त्व आले आहे.

२००५ मध्ये स्थापन झालेल्या 'कर्व्ह स्टुडिओज'ने २०११ मध्ये 'एक्स्प्लोडेमॉन' हा आपला गेम प्लेस्टेशन ३ वर स्वतः प्रकाशित केला. अशा यंत्रांवर गेम विकण्यापूर्वी यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक कसोट्यांना उतरावे लागते. एकट्यादुकट्या निर्मात्याला ही यातायात झेपत नाही. कर्व्हने हा अनुभव इतरांसाठी वापरला. माइक बिथेल यांचा संगणकावरील 'थॉमस वॉज अलोन' २०१३ मध्ये प्लेस्टेशनवर आला तो कर्व्हमार्फतच. पुढे प्रकाशन हाच कंपनीचा मुख्य व्यवसाय झाला.

त्याचे मोठे फळ म्हणजे २०१६ मधील 'ह्युमन फॉल फ्लॅट'. लिथुआनियाचे टोमास साकालाउस्कास यांच्या या गेमच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्या. मात्र त्याचा पुढील भाग २०२३ मध्ये जाहीर झाला, तो 'डिव्हॉल्व्हर डिजिटल' या दुसऱ्या प्रकाशकाकडून. प्रकाशकाचे यश करारावर उभे असते. निर्माता दुसरीकडे गेला, की पुढील कमाईही जाते.

प्रकाशकाविना निर्मात्याची काय ओढाताण होते, हे पुण्याने पाहिले आहे. येथील 'नॉडिंग हेड्स गेम्स'च्या 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये इंटरनेटवरून मागितलेली लोकवर्गणी अपुरी पडली. अखेर 'सुपर डॉट कॉम' या परदेशी प्रकाशकामार्फत तो २०२० मध्ये बाजारात आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमच्या नामांकनापर्यंत पोहोचला.

रावेत-आकुर्डी परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रोग्रॅमिंगइतकाच करारही महत्त्वाचा आहे. गेमचे आणि पुढील भागांचे हक्क कोणाकडे, उत्पन्नाचा वाटा किती आणि प्रकाशकाने दिलेली आगाऊ रक्कम कशी वळती होणार, हे सही करण्यापूर्वीच स्पष्ट करून घेतलेले बरे.