रानातला मुक्काम

धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्यातून जी माणसं पाठीवर गोधडी आणि हातात काठी घेऊन सातपुड्याकडे चालू लागतात, त्यांना रात्रीच्या मुक्कामासाठी कुठलीही पावती फाडावी लागत नाही. कोठार मागे पडलं की चढ सुरू होतो. असली, नकट्यादेव, जुना अस्तंबा अशी ठिकाणं ओलांडत, वाटेत जिथे रात्र गाठेल तिथे अंग टाकत, ती अस्तंब्याच्या शिखराकडे जातात. उंची सुमारे १३२५ मीटर. वाट राखीव जंगलातून जाते, म्हणजे सरकारी जमिनीतून. तरीही माळावर, ओढ्याच्या काठाला, झाडाखाली हजारो माणसं उघड्यावर झोपतात आणि त्यांना कुणी उठवत नाही.

मी तळोद्याचा. नोकरी अक्राणीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. या वाटेवर तरुणपणापासून चाललो आहे आणि हल्ली गुडघे कुरकुरतात म्हणून खालूनच निरोप देतो. पण रानात रात्र काढण्याची ही रीत आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा फार मोठा ठेवा आहे आणि तिच्याकडे कुणी इतिहास म्हणून पाहत नाही, हे मनाला लागून राहिलं आहे. किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो, राजघराण्यांचा लिहिला जातो. मुक्कामाचा इतिहास कोण लिहिणार? त्याला बुरूज नाहीत. सकाळी उठून गेलेल्या माणसांच्या मागे दबलेलं गवत तेवढं राहतं, आणि तेही दोन दिवसांत उभं राहतं.

अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा. महाभारतातली त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती या डोंगरात उघड्यावर पडून ऐकली की वेगळीच कळते. युद्ध संपलेलं, पांडवांच्या शिबिरात माणसं थकून झोपलेली. त्या झोपलेल्यांवर त्याने रात्री हत्यार चालवलं, द्रौपदीची पाचही मुलं मारली. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि तीन हजार वर्षं रानोमाळ एकटा भटकशील, असा शाप कृष्णाने दिला. आमच्या भागात लोक सांगतात की भळभळत्या जखमेसाठी तेल मागत तो अजून सातपुड्यात फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो. झोपलेल्या माणसांना ज्याने मारलं, त्याच्याच डोंगरात माणसं निर्धास्त झोपतात आणि वाट चुकली तर त्याचाच धावा करतात. महाभारताने त्याला शाप देऊन सोडून दिलं. सातपुड्याने त्याला वाटाड्याचं काम दिलं. एखाद्या गुन्हेगाराला इतक्या मोठ्या मनाने सामावून घेतलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

या मुक्कामाला शिस्त होती, आणि ती कुणी लिहून दिलेली नव्हती. पाण्याच्या अगदी काठाला झोपायचं नाही, कारण रात्री जनावरं पाण्यावर येतात. उभं झाड तोडायचं नाही, पडलेलं लाकूड घ्यायचं. पाड्याजवळ थांबायचं असेल तर आधी तिथल्या माणसाला सांगायचं. शेकोटी एकच, सगळ्यांची मिळून. मी नवा मास्तर असताना आमच्या घोळक्याला वाट दाखवणारे एक पावरा म्हातारबाबा होते. पहाटे निघताना त्यांनी मला थांबवलं.

"गुरुजी, राखेत हात घालून पाहिलं का?"

"विझली आहे बाबा, पाणी टाकलं."

"पाणी वरून टाकलं. हात घाला."

हात घातला. खाली कोमट होतं. पुन्हा पाणी आणलं, राख कालवली, पुन्हा हात घातला, मग निघालो. वनखात्याची पुस्तिका वाचण्याआधी मी वणव्याचा धडा असा शिकलो.

अस्तंब्याची वाट ही एक. दुसरी जुनी वाट जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नर्मदेच्या काठाने जाते. परिक्रमावासी जिला शूलपाणीची झाडी म्हणत आले, तिचा मोठा भाग अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरांत येतो. परिक्रमेचा नेम पूर्ण पाळायचा तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. नदी ओलांडायची नाही, मिळेल ते खायचं, रात्र होईल तिथे पडायचं. या झाडीत भिल्ल 'मामा' अडवत आणि भांडी, कपडे, शिधा, सगळं काढून घेत. मराठीत परिक्रमेवर लिहिणाऱ्यांनी ही लूट वर्णन केली आहे. बहुतेकांनी ती मैयाची इच्छा म्हणून सोसली.

मी मात्र तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहतो. इंग्रजांच्या आधीपासून खानदेशातल्या घाटवाटांची राखण भिल्ल नाईकांकडे होती. वाटसरू आणि तांडे सुखरूप पार करून द्यायचे आणि त्याबद्दल ठरलेले हक्क घ्यायचे, अशी ती व्यवस्था होती. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा मार्ग आपल्या नवापूर-नंदुरबारवरूनच जात होता. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये याच मार्गाने, तंबू ठोकत, गाड्यांसह गेला. अशा रस्त्यावर रात्रीची झोप ही कुणीतरी जागं राहिल्यामुळे मिळत असे. पेशवाईच्या शेवटच्या धामधुमीत हे हक्क बुडाले आणि राखणदारच लुटीवर उतरले. १८१८ मध्ये खानदेश घेतल्यावर इंग्रजांनी आधी फौजा पाठवल्या. त्याने भागेना, तेव्हा नाईकांना नेमणुका बांधून दिल्या आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्लांचीच पलटण उभी केली. राखणीचा हक्क परत दिल्याशिवाय वाटा शांत होत नाहीत, हे त्यांना सात वर्षांत उमगलं. झाडीतल्या भिल्लाकडे ना हक्क उरला होता ना नेमणूक पोचली होती. त्याच्याकडे भूक होती. म्हणून लुटीला मी चांगलं म्हणणार नाही, पण तिचं मूळ चोरीच्या स्वभावात शोधणं हा अन्याय आहे.

आज या वाटेवर लूट राहिलेली नाही. उलट पाड्यावरची माणसं परिक्रमावासीयांना चहा देतात, ओसरीवर जागा देतात. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर मात्र सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेलं. नवं मंदिर गुजरातेत गोऱ्याला बांधलं. जिल्ह्यातली ३३ गावं या धरणाच्या पाण्याने बाधित झाली. काठ गेला तशी काठाने चालायची वाटही गेली. कित्येक जण आता शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, खापर असे डांबरी रस्त्याने जातात आणि मंदिरात किंवा आश्रमात झोपतात.

आता मुक्कामाच्या तिसऱ्या प्रकाराकडे येतो, कारण आजचे सगळे प्रश्न तिथून निघाले आहेत. इंग्रजी अमलात पावसाळा सरला की साहेब दौऱ्यावर निघत. तंबू बैलगाड्यांवर लादून पुढे जात, साहेब घोड्यावरून मागून येई. आमराईत तळ पडे. दिवसा कचेरी, संध्याकाळी शिकार. साहेबांच्या लेखनात हे दिवस फार सुखाचे दिसतात. पण तळाला लागणारं सरपण, गवत, दूध, कोंबड्या, पाणक्या, ओझी वाहायला माणसं, हे सगळं आसपासच्या पाड्यांतून येई. बऱ्याचदा ते वेठीने येई. साहेबाला तो मुक्काम फुकट होता आणि गावाला तो फार महाग होता.

त्याच काळात १८७८ चा वनकायदा आला आणि जंगलं राखीव झाली. पुढे १९२७ चा कायदा आला, जो अजून चालू आहे. त्याचं कलम २६ वाचावं. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणं, गुरं चारणं, ठरवून दिलेल्या हंगामाबाहेर विस्तव पेटवणं किंवा नुसता सोबत नेणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या जंगलात रात्री काढण्यात गेलं, मोहाच्या दिवसांत जो पहाटेच्या आधी झाडाखाली जाऊन बसतो, पीक राखायला जो माळ्यावर झोपतो, त्याची शेकोटी कायद्याच्या नजरेत संशयास्पद झाली. इथे जो धसका बसला तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. खाकी कपड्यातलं माणूस दिसलं की वर्गातली मुलं गप्प होत, हे मी शाळेत पाहिलं आहे. तळोद्याच्या वनविभागाचं नाव अजूनही मेवासी वनविभाग असं आहे. काठी, चिखली अशा भिल्ल संस्थानिकांच्या, मेवाशांच्या मुलखाची ती आठवण. नाव मेवाशांचं राहिलं, जंगलावरचा शब्द त्यांचा राहिला नाही.

यात्रा मात्र चालू राहिल्या. अस्तंबा चालू राहिली. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरक्षनाथाच्या दर्शनाला मध्य प्रदेश आणि गुजरातेतून माणसं पायी येत राहिली आणि यशवंत तलावाच्या परिसरात उघड्यावर झोपत राहिली. काठीच्या होळीला रात्रभर ढोल वाजत राहिले. तिथली होळी पहाटे पेटते, त्यामुळे रात्र रानातच काढायची असते. हजारो माणसं एका श्रद्धेने आली की कलम बाजूला राहतं, हे सरकारलाही कळत होतं. लिहिलेल्या कायद्याच्या पोटात असा एक न लिहिलेला हक्क टिकून राहिला, आणि तो आदिवासींनी आपल्या पायांनी टिकवला.

अलीकडे चौथा प्रकार आला आहे. सुरत, इंदूर, नाशिककडची तरुण मुलं मोटारीतून तोरणमाळला येतात, डिकीतून तंबू काढतात. साडेअकराशे मीटरच्या आसपासची उंची, थंडी, धुकं, सीताखाईची दरी, यावंसं वाटणारच. मला त्यांचं येणं आवडतं. ज्याने रानात रात्र काढली नाही त्याला रान वाचवावंसं कसं वाटेल? पण ती येतात ती जागा मोकळी आणि बेवारस आहे असं समजून. तोरणमाळचं जंगल संवर्धन राखीव क्षेत्र आहे. २००२ मध्ये वन्यजीव कायद्यात सुधारणा झाली, तेव्हा हा नवा प्रकार कायद्यात आला. अभयारण्यात शिरायलाच परवाना लागतो. ती अट संवर्धन राखीव क्षेत्राला जशीच्या तशी लागू नाही. वणवा लागेल अशा रीतीने विस्तव पेटवायला किंवा जळता सोडायला मात्र तिथेही बंदी आहे. म्हणजे संसदेत बसून कायदा करणारे शेवटी आमच्या म्हातारबाबांच्या राखेपाशीच आले.

परदेशात या गोष्टीचा विचार झालेला आहे. नॉर्वेने १९५७ मध्ये कायदा करून कुणालाही रानात, वस्तीपासून दीडशे मीटर लांब, दोन रात्री तंबू टाकायचा हक्क दिला. उन्हाळ्यात जंगलाजवळ आग पेटवायला बंदी ठेवली. अमेरिकेत सरकारी जंगलांत बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. पण तिथली पुष्कळ जंगलं अशी आहेत की मूळ रहिवाशांना आधी हुसकून लावलं आणि मग ती सर्वांसाठी खुली केली. आपल्याकडे रहिवासी तिथेच आहेत. इथे तंबूचा नियम करताना त्यांना वगळून चालणार नाही.

आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपल्या सामूहिक जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क दिला आहे, आणि ग्रामसभेला तसे अधिकारही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे. मुक्काम कुठे करायचा, पाणी कुठलं घ्यायचं, शेकोटी कुठल्या महिन्यात नको, हे ठरवायला ग्रामसभेइतकी जाणती जागा नाही. घाटराखणीचा जो हक्क दोनशे वर्षांपूर्वी बुडाला तो या वाटेने सन्मानाने परत येऊ शकतो. पाड्यातल्या मुलाने वाट दाखवावी, त्याचे पैसे त्याला मिळावेत, आणि अस्तंब्याला पायी जाणाऱ्याचा मुक्काम होता तसा फुकट राहावा.

पायी म्हणतो ते मुद्दाम. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची गाडी चांदशैली घाटात कोसळली. ज्यांची घरं उजाड झाली त्यांचं दुःख या तालुक्याने जवळून पाहिलं. पूर्वी घाई नव्हती, कारण रात्र वाटेत काढायचीच असे. आता एका दिवसात जाऊन यायचं म्हणून गाड्या कोंबून भरल्या जातात. वाटेवरचे जुने मुक्काम पाण्याची आणि दिव्याची सोय करून पुन्हा जागे केले, तर माणसं चालतील, थांबतील. पालिकेने, वनखात्याने आणि वाटेवरच्या ग्रामसभांनी दिवाळीच्या महिनाभर आधी एकत्र बसून एवढं करावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि तंबू घेऊन येणाऱ्या मुलांनो, या. पाड्यावर आधी सांगा, उभ्या झाडाला हात लावू नका, आणि निघण्यापूर्वी राखेत हात घालून पाहा.