मिशरीची डबी

प्रसूतिगृहात नोकरीला लागले तेव्हा नाव घालायला आलेल्या प्रत्येक गरोदर बाईला मी एक ठरलेला प्रश्न विचारीत असे, ‘विडी-सिगारेट ओढता का?’ उत्तरही ठरलेले. ‘बायामाणसं कुठं इडी वढत्यात व्हय, बाई?’ मी केसपेपरवर ‘नाही’ लिहून मोकळी होई. तिच्या कमरेला खोचलेली छोटी डबी दिसायची, पण त्यात काय आहे हे मी कधी विचारले नाही. आत असायची मिशरी, म्हणजे तव्यावर करपवून कुटलेला तंबाखू. दात घासायला म्हणून सुरू होते आणि पुढे दिवसातून चार-पाचदा लावल्याशिवाय काम सुचत नाही.

शास्त्रानेही प्रश्न विचारला होता तो धुराचाच. १९५७ साली अमेरिकेत विनिया सिम्प्सन यांनी दाखवून दिले, की सिगारेट ओढणाऱ्या मातांमध्ये अपुऱ्या वाढीच्या बाळांचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आहे. तरी शंका उरलीच. दोष सिगारेटचा, की त्या बायकांच्या प्रकृतीचा? उत्तर मिळाले १९८४ साली. मेरिलँडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या ९३५ गरोदर स्त्रियांचे दोन गट केले आणि एका गटाला सवय सोडायला मदत केली. त्या गटातील बाळे सरासरी ९२ ग्रॅम वजनदार निघाली.

मदत कशी करावी, याचा धडा पुढच्याच वर्षी अलाबामातील सरकारी दवाखान्यांनी दिला. नेहमीचा उपदेश ऐकून शंभरात दोघींनी सिगारेट सोडली. ज्यांच्याशी थोडा वेळ बोलून खास गरोदर स्त्रियांसाठी लिहिलेली पुस्तिका हाती दिली, त्यांच्यातल्या चौदा जणींनी.

आपल्याकडच्या बिनधुराच्या तंबाखूचा हिशेब मात्र उशिरा मांडला गेला. २००४ साली प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी मुंबईतील १,२१७ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिशरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती.

तो वाचला आणि मी प्रश्न बदलला. ‘मिशरी लावता का?’ सहावा महिना लागलेली एक मुलगी संकोचाने हसली. ‘सासूबाईच देत्यात. मळमळ थांबती म्हणून.’ मग सासूबाईंनाही आत बोलावले, रागावण्यासाठी नव्हे. त्याही तीस वर्षे लावीत होत्या. आधी दुपारची बंद करू, मग रात्रीची, असे दोघींनी मिळून ठरवले.

बाळंतपण नीट झाले. दीड महिन्याच्या बाळाला लस टोचायला ती आली, तेव्हा मी पुन्हा तेच विचारले. बाळंतपणानंतर सुटलेली सवय परत जडते, हे एव्हाना मला कळले होते. ती खाली बघत म्हणाली, ‘सकाळची एकदा लावते, बाई.’ खरे सांगितले, हेच पुष्कळ होते. आम्ही पुन्हा पहिल्यापासून बोलायला बसलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)